दत्तकाची रांग : थांबायचं कुणी आणि किती

५ सप्टेंबर २०२४ रोजी चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या नेहमीच्या पत्रकार परिषदेत प्रवक्त्या माओ निंग यांना दत्तकाबद्दल एक प्रश्न आला. उत्तर थोडक्यात होतं. यापुढे परदेशी नागरिकांना चीनमधून मूल दत्तक घेता येणार नाही. अपवाद एवढाच, की मूल तीन पिढ्यांच्या आतलं, रक्ताच्या नात्यातलं हवं किंवा जोडीदाराचं आधीचं अपत्य हवं. १९९२ पासून चालत आलेली, जगभरच्या घरांत १ लाख ६० हजारांहून अधिक मुलं पोचवणारी व्यवस्था त्या उत्तराबरोबर संपली. त्यातली ८२ हजारांहून अधिक मुलं एकट्या अमेरिकेत गेली होती.

ही बातमी वाचून अमेरिकेतल्या काहीशे घरांमध्ये अक्षरशः सुतक पडलं असेल. चीनने कोविडमुळे २०२० च्या सुरुवातीला दत्तक प्रक्रिया थांबवली, तेव्हा या कुटुंबांना मूल ठरलेलं होतं. फोटो हातात होता, नाव ठाऊक होतं, काहींचं व्हिडिओवर बोलणंही झालेलं होतं. विमानाचं तिकीट काढायचं तेवढं बाकी होतं. साडेचार वर्षं ती कुटुंबं थांबली आणि शेवटी ‘नाही’ असं उत्तर मिळालं.

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्यांच्या प्रतीक्षेबद्दल बोलताना आपण सगळ्या प्रतीक्षा एकाच मापाने मोजतो. सरकारी दिरंगाई, लालफीत, बिचारे आईबाप, असं म्हणून मोकळे होतो. चीनची हकिकत नीट पाहिली तर त्यात दोन वेगवेगळ्या प्रतीक्षा आहेत. मूल ठरण्याआधी आईबाप थांबतात ती एक. मूल ठरल्यानंतर ते मूल संस्थेत बसून थांबतं ती दुसरी. पहिली कितीही जिवावर आली तरी सोसण्याजोगी आहे, दुसरी कमीत कमी असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते.

चीनमध्ये एक मूल धोरण १९८० च्या सुमारास देशभर लागू झालं. गावाकडे वंशाला मुलगा हवाच, आणि दुसऱ्या बाळंतपणाला दंड. या कात्रीत सापडलेल्या मुली बाजारात, रेल्वे स्थानकावर, सरकारी कचेरीच्या पायरीवर, बालगृहाच्या फाटकाशी सापडू लागल्या. १९९२ मध्ये दत्तकाचा कायदा अमलात आला आणि परदेशी कुटुंबांना रीतसर वाट खुली झाली. १९९६ पासून बीजिंगमधलं एकच सरकारी केंद्र सगळे अर्ज पाहू लागलं. अमेरिकी कुटुंबांना ही पद्धत आवडली, कारण खर्च आधी कळायचा, नियम स्पष्ट होते आणि अर्ज गेल्यावर साधारण वर्षभरात मूल घरी यायचं. २००५ साली एका वर्षात सुमारे ७,९०० मुलं चीनमधून अमेरिकेत आली. तेच शिखर ठरलं.

अर्ज म्हणजे कागदांची एक जाडजूड फाइल. जन्मदाखले, विवाहाचा दाखला, नोकरीचं पत्र, बँकेचं पत्र, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, पोलिसांचा ‘गुन्हा नाही’ असा दाखला, घराचे आणि घरातल्या माणसांचे फोटो. शिवाय समाजसेविकेचा गृहभेट अहवाल. ती घरी येते, नवरा-बायकोशी एकत्र आणि वेगवेगळं बोलते, तुमचं बालपण कसं गेलं, भांडण झालं की काय करता, मूल आजारी निघालं तर काय कराल, असं सगळं विचारते. मग या प्रत्येक कागदावर तीन टप्प्यांत शिक्के घ्यायचे : आधी नोटरी, मग राज्य सरकार, मग चिनी वकिलात. एकाही शिक्क्याची तारीख उलटली की तेवढा कागद पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची परवानगी वेगळी. तिची मुदत तेव्हा १८ महिने आणि बोटांच्या ठशांची १५ महिने.

फाइल बीजिंगला पोचली की तिला नोंदणीची तारीख मिळे. ही तारीख म्हणजे त्या कुटुंबाची रांगेतली जागा. पुढची सगळी भिस्त तिच्यावर. साधारण महिन्यातून एकदा केंद्र मुलं ठरवून पाठवायचं आणि ‘अमुक तारखेपर्यंत नोंद झालेल्यांना मूल मिळालं’ असं जाहीर व्हायचं. २००५ मध्ये नोंदीपासून मूल ठरेपर्यंत सहाएक महिने लागत. २००६ पासून मात्र ही तारीख अडखळायला लागली. महिनाभर वाट पाहावी आणि यादी जेमतेम दोन-चार दिवस पुढे सरकावी, असं व्हायला लागलं. २००६ च्या अखेरीस नोंद झालेल्यांपैकी जे टिकून राहिले, त्यांची प्रतीक्षा सात वर्षांच्याही पुढे गेली.

सात वर्षं म्हणजे काय, ते त्या फाइलच्या नजरेतून पाहावं. बोटांचे ठसे पुन्हा पुन्हा द्यायचे. आपले ठसे काही बदललेले नसतात, मुदत मात्र संपलेली असते. समाजसेविका पुन्हा येते. आता नोकरी बदललेली असते, घर बदललेलं असतं, सासरे वारलेले असतात. सगळं नव्याने लिहायचं. अर्ज केला तेव्हा चाळिशीत असलेली बाई पन्नाशीला टेकते. पहिल्यांदा पाळणा घेतला, मग तो कुणाला तरी देऊन टाकला. नातेवाईक आधी दर सणाला विचारतात, मग अवघडून विचारायचं बंद करतात. ते न विचारणं जास्त लागतं, असं या वाटेने गेलेल्या बायका सांगतात. गरोदरपणात पोट दिसतं, दिवस मोजता येतात, डोहाळजेवण होतं. इथे बाहेरून काहीच दिसत नाही.

रांग का लांबली? वशिला, सुस्ती, राजकारण, अशा अनेक शंका तेव्हा घेतल्या गेल्या. खरं कारण साधं होतं. रांगेत उभे राहणारे वाढत गेले आणि बालगृहात येणाऱ्या निरोगी तान्ह्या मुली कमी होत गेल्या. सोनोग्राफी गावोगाव पोचल्यावर नको असलेली मुलगी जन्माआधीच नाहीशी होऊ लागली. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याकडे करावा लागला होता. त्याच काळात चिनी लोकांच्या हातात पैसा आला, दंड भरून दुसरं मूल ठेवणं परवडू लागलं. १९९९ पासून दत्तक घेणाऱ्याचं किमान वय ३५ वरून ३० वर आल्याने चिनी जोडपीही पुढे आली. त्यातच १ मे २००७ पासून परदेशी अर्जदारांसाठी नवे नियम येणार, असं जाहीर झालं. वय ३० ते ५०, दोघं विवाहित, ठरावीक मालमत्ता, फार लठ्ठपणा नको, मनोविकाराची औषधं नकोत, एकट्या बाईला मनाई. नियम लागू व्हायच्या आत अर्ज घुसवण्यासाठी झुंबड उडाली आणि रांग आणखी फुगली.

आणि एक बाजू होती, जिच्याकडे पाहायला अनेक कुटुंबं तयार नव्हती. दत्तक घेणारं प्रत्येक परदेशी कुटुंब बालगृहाला सुमारे ३,००० डॉलर देणगी द्यायचं. ग्रामीण चीनमध्ये ही रक्कम फार मोठी होती. नोव्हेंबर २००५ मध्ये हुनान प्रांतातल्या हेंगयांग भागात पोलिसांनी एक टोळी पकडली. ही माणसं बाळं विकत घेऊन बालगृहांना पुरवत होती आणि बालगृहं ‘रस्त्यात सापडलेलं मूल’ अशी नोंद करून ती परदेशी पाठवत होती. २००६ च्या सुरुवातीला दहा जणांना शिक्षा झाली. पुढे २०११ मध्ये ‘त्साइशिन’ या चिनी नियतकालिकाने त्याच प्रांतातल्या लोंगहुई तालुक्यातली हकिकत छापली. तिथे कुटुंबनियोजन खात्याच्या लोकांनी दंड भरू न शकलेल्या घरांतून बाळं उचलून नेली होती. ज्या मुलीच्या कागदावर ‘बेवारस’ लिहिलं होतं, तिचे आईबाप गावात जिवंत होते आणि तिला शोधत होते.

हे समजल्यावर रांगेकडे पाहायची माझी दृष्टी बदलली. रांग लांबते तेव्हा अर्थ असा असतो, की कुटुंबाची गरज असलेल्या मुलांपेक्षा मूल हवं असलेली कुटुंबं जास्त आहेत. मोठ्यांना याचा त्रास होतो, तो खोटा नाही. पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर ही बातमी चांगली आहे. भीती वाटायला हवी ती रांग एकाएकी वेगाने सरकू लागली तर.

हा वेग कुठे सापडला, ते आकडेच सांगतात. चीनची यादी रखडली तशी मागणी दुसरीकडे वळली. ग्वाटेमालामध्ये खासगी वकील काही महिन्यांत मूल मिळवून देत. २००७ साली त्या छोट्या देशातून ४,७०० च्या वर मुलं अमेरिकेत गेली. म्हणजे जन्मलेल्या दर शंभर बाळांमागे एक बाळ. बाळांची चोरी, खोट्या आया, बनावट संमतीपत्रं उघडकीस आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मार्ग बंद झाला. मग इथिओपिया. २०१० मध्ये तिथून अडीच हजार मुलं अमेरिकेत गेली, जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या संसदेने परदेशी दत्तकावर बंदी घातली. दक्षिण कोरियाने तर १९८५ साली एका वर्षात आठ हजारांवर मुलं बाहेर पाठवली होती. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने जाहीर केलं, की त्या काळात कागद बदलले गेले, मुलांची खरी ओळख पुसली गेली आणि सरकारने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. अमेरिकेत २००४ साली परदेशातून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली होती. २०२३ मध्ये ही संख्या १,२७५ वर आली.

हेगचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय करार त्याआधीच्या अशाच अनुभवांतून आला. त्याचं म्हणणं तीन पायऱ्यांत सांगता येतं. आधी मूल जन्मदात्यांजवळ राहील असं पाहा. ते शक्य नसेल तर त्याच्या देशातच घर शोधा. तेही जमलं नाही तरच परदेश. भारताने २००३ मध्ये या कराराला मान्यता दिली, चीनने २००५ मध्ये, अमेरिकेने २००७ मध्ये. प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. भारतात एखाद्या आईने मूल बालकल्याण समितीकडे सोपवलं तर तिला निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात. सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार. त्यानंतरच बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. मेलबर्न किंवा माद्रिदमध्ये वाट पाहणाऱ्या जोडप्याला हे ६० दिवस डोंगराएवढे वाटतात. त्या आईला ते हक्काने मिळायला हवेत.

आता दुसरी प्रतीक्षा.

चीनमधल्या मुलांचं चित्र २०१० नंतर पार बदललं. बालगृहांत आता मुलगेही होते, आणि बहुतेकांना काही ना काही वैद्यकीय अडचण होती : फाटलेला ओठ किंवा टाळू, हृदयाला छिद्र, हाताची बोटं कमी, कण्याचा दोष. उपचाराचा खर्च न झेपल्याने आईबापांनी सोडलेली ही मुलं. त्यांची यादी वेगळी असायची आणि तिथे नोंदणीच्या तारखेची रांग नव्हती. इथे खरोखर मुलं जास्त होती आणि घरं कमी. निरोगी मुलीसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या कित्येक जोडप्यांनी मन घट्ट करून या यादीकडे मोर्चा वळवला.

मूल ठरलं की एक पाकीट यायचं. आत लहानसा फोटो, उंची, वजन, डोक्याचा घेर, किती दात आलेत, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडलं. खाली बालगृहातल्या बाईंनी भरलेली माहिती : गाढ झोपते, मोठ्याने हसते, अनोळखी माणसाला बुजते. सात वर्षं ज्याची वाट पाहिली, ते या पाच-सहा ओळींत मावलेलं. मग प्रांताच्या राजधानीत जाऊन मूल हातात घ्यायचं आणि व्हिसासाठी ग्वांगझूला जायचं. तिथल्या शामियान बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात एके काळी सकाळच्या नाश्त्याला प्रत्येक टेबलाशी एक गोरं जोडपं आणि एक चिनी बाळ दिसायचं.

२०२० च्या जानेवारीत हे सगळं जिथल्या तिथे थबकलं. या वेळी थांबलेली मुलं तान्ही नव्हती. पाच, आठ, बारा वर्षांची, आपल्याला घर मिळणार हे समजणारी. अमेरिकेच्या नियमानुसार मूल १६ वर्षांचं व्हायच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. मुलं वाढत राहिली. सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षात सोळा मुलांना व्हिसा मिळाला, त्याआधीची दोन वर्षं एकालाही नाही. बाकीच्यांसाठी २०२४ च्या त्या उत्तराने दार बंद झालं.

संस्थेत थांबण्याची किंमत काय असते, हे आता अंदाजाने बोलायची गरज नाही. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या शास्त्रज्ञांनी २००० सालापासून १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत ठेवलं, निम्मी संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धी, भाषा, माणसाशी जडणारं नातं, या सगळ्यांत पुढे गेली. त्यातही जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत घरी गेली, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. उशिरा गेलेल्यांची काही झीज भरून निघाली, काही निघाली नाही. संस्थेतली माणसं वाईट असतात असं नाही. एका बाईच्या वाट्याला पंधरा मुलं असतील, तर प्रत्येकाच्या रडण्याला वेळेवर उत्तर मिळत नाही, एवढंच.

चीनने नवे अर्ज घेणं बंद केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मुलांना आपण सांभाळू, असं म्हणण्याचा त्या देशाला पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्या मुलांना ‘हे तुझे आईबाबा’ म्हणून फोटो दाखवले होते, त्यांच्यापुरता तरी अपवाद करायला हवा होता. तो न करणं हा त्या मुलांवर झालेला अन्याय आहे.

आपल्याकडचं चित्रही फार वेगळं नाही. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर निकाल दिला आणि १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. त्याआधीच्या काळात पुण्याच्या ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’मधून १९७९ साली एक तान्ही मुलगी स्थळेकर दांपत्याच्या घरी गेली. ती लिसा स्थळेकर, पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार. आज देशात ३६ हजारांच्या आसपास नोंदणीकृत इच्छुक पालक आहेत आणि कायद्याने मोकळी झालेली मुलं अडीच हजारांच्या आसपास. लहान निरोगी मुलासाठी तीन ते साडेतीन वर्षं थांबावं लागतं. २०२४-२५ मध्ये ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातच. म्हणजे परदेशी गेलेली मुलं साडेतीनशेच्या घरात. त्यात मोठा वाटा असतो वयाने मोठ्या किंवा विशेष काळजी लागणाऱ्या मुलांचा, ज्यांना इथे कुणी पुढे येऊन घेत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. पहिलं, ‘कारा’च्या प्राधान्यक्रमात अनिवासी भारतीयांना इथे राहणाऱ्या भारतीयांच्या बरोबरीने धरतात, त्यामुळे घाबरून आडवाट शोधायचं कारण नाही. गावी जाऊन दत्तकहोम करायचा, दत्तकपत्र नोंदवायचं आणि मग व्हिसासाठी अर्ज करायचा, हा क्रम उलटा आहे. त्यात मूल आजोळी अडकून राहतं आणि आईबाप समुद्रापलीकडे. आधी तुम्ही राहता त्या देशाची परवानगी, मग ‘कारा’, मग मूल, याच क्रमाने जा. नात्यातलं मूल घ्यायचं तर बाल न्याय कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा एवढेच. चुलत किंवा मावस भावंडाचं मूल त्यात बसत नाही.

दुसरं, मुलाबरोबर आलेला एकही कागद टाकू नका. संस्थेचं पत्र, सापडल्याची नोंद, पहिला वैद्यकीय तपासणीचा कागद, अंगावरच्या झबल्याचा फोटो, पाकिटावरचा शिक्कासुद्धा. भारतात अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्या दिवशी त्याला सगळ्यात आधी हीच फाइल लागेल.